आपण म्हणजे कितीजण

आमच्या घरी भाकरीआधी पत्रकांना घड्या पडायच्या. शिरूरच्या ज्या दोन खोल्यांत मी वाढले, तिथं स्वयंपाकाच्या ओट्याखाली छापून आलेल्या पत्रकांचा गठ्ठा कायम असायचा. सकाळी कारखान्याची बस यायच्या आधी पप्पा आणि मी फरशीवर समोरासमोर बसून घड्या घालायचो. एका कागदाच्या तीन घड्या, कडेला कड जुळवून, वरून अंगठ्याचं नख फिरवून. ओट्यापाशी आई भाकरी थापायची. नखाचा सर्र आवाज आणि थापण्याचा थपथप आवाज यांचा मिळून एक ठेका धरला जायचा, आणि तो मोडला की पप्पा न बघता म्हणायचे, "रूथ, वाचत बसलीस." खरंच वाचत बसलेली असायचे. इतर मुलं गोष्टींच्या पुस्तकांवर वाचायला शिकली, मी पत्रकांवर शिकले. म्हणून आजही मला कुणी गोल गोल बोललं की कंटाळा येतो. एका बाजूला मावेल तेवढंच म्हणावं, आणि खाली आपलं नाव घालावं.

पप्पांच्या पत्रकांचं नाव होतं 'विनंती थांबा'. एसटीच्या पाटीवरून उचललेलं. त्यांचं सगळं म्हणणं त्या दोन शब्दांत होतं: शास्त्र जिथं थांबतं तिथं तुम्हीही थांबा, पुढं आपल्या डोक्यातलं रेटू नका. बायबल सांगतं की देव एक आहे. येशू त्याचा पुत्र आहे, असंही सांगतं. पवित्र आत्म्याबद्दलही सांगतं. पण पिता, पुत्र आणि आत्मा या तीन व्यक्ती मिळून एकच देव, हे वाक्य त्यात कुठंही नाही, आणि 'त्रैक्य' हा शब्द तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शोधून सापडत नाही. तो माणसांनी मागाहून बसून बनवला. पप्पा दौंडच्या चर्चमध्ये जन्मापासून वाढलेले. स्टेशनच्या बाकावर कुणी सोडून दिलेलं एक पत्रक त्यांनी तरुणपणी वाचलं आणि तिथून त्यांचं डोकं फिरलं, असं दौंडचे लोक म्हणत. पप्पा म्हणत, तिथून ते ताळ्यावर आलं. सुट्टीच्या दिवशी ते शिरूरच्या स्टँडवर उभे राहून पत्रकं वाटायचे. उरलेली भेळवाला मागून न्यायचा. आमच्या गावातल्या कितीतरी लोकांनी त्रैक्याचं खंडन तेलाच्या डागातून वाचलेलं आहे.

आमच्या शेजारी हौसामावशी राहायच्या. मूळच्या कवठे येमाईच्या. त्यांच्या सासऱ्यांनी मेंढरं विकून विहीर पाडली तेव्हापासूनची त्यांची बागायती, पण पोरं शिकायला म्हणून बिऱ्हाड शिरूरला. त्यांनी एकदा पप्पांना पत्रकाचा अर्थ विचारला आणि शेवटपर्यंत ऐकून घेतला.

"म्हंजी आमचा दत्तच की," त्या म्हणाल्या. "तोंडं तीन, धड एक."

"तसं नाही मावशी. तसं आहे असं दौंडचे लोक म्हणतात. मी म्हणतो तसं नाही."

"दौंडची मान्सं दत्ताला मानत्यात?"

"नाही हो."

"मंग तुमी भांडताय कुनाशी?" मावशींनी पदराआड हसू दाबलं. "आमच्या खंडोबाला दोन बायका. त्यावरनं कवा तंटा झाला न्हाई बगा."

पप्पा त्या दिवशी ताटात बघूनच जेवले. आई मात्र भाकरी वाढताना मध्येच हसायची आणि तोंड फिरवायची. आईला या वादात रस नव्हता. ती दिवसभर घरात एकटी असायची आणि स्वतःशी बोलत कामं उरकायची. शाळेतून लवकर आले की मला बाहेरूनच ऐकू यायचं, "चला, आपण आता डाळ टाकू," किंवा "हे बघ, आपण आधी पीठ मळून घेऊ." घरात दुसरं माणूस नसायचं. मला त्यात कधी काही विशेष वाटलं नव्हतं. सगळ्यांच्या आया असंच बोलतात.

पप्पांचे वडील, आमचे दादा, दौंडला एकटे राहायचे. रेल्वेतून निवृत्त झालेले. आजी मी लहान असतानाच गेली होती. दर रविवारी आम्ही न्हावऱ्यावरून दौंडला उपासनेला जायचो, कारण पप्पांचं चर्चशी कितीही वाकडं असलं तरी दादांच्या शेजारचा बाक रिकामा ठेवण्याची त्यांची हिंमत नव्हती. दादांच्या घरी मटणाचा रस्सा शिजत असायचा, आणि स्टेशनवरच्या इंजिनाचा भोंगा झाला की ते झाकण उचलता उचलता थांबून कान द्यायचे. गाडीचं नाव सांगायचे. चुकायचे नाहीत. मोठं, भक्कम माणूस, चर्चचे जुने पंच. उपासनेत त्यांचा 'आमेन' शेवटच्या बाकापर्यंत जायचा. पप्पांचं पत्रक हातात घेऊन ते उलगडायचे, पुन्हा मिटायचे आणि माझ्यासमोर धरायचे.

"पोरी, कागद किती?"

"एक."

"घड्या किती?"

"तीन."

"झालं. तुझ्या बापाच्या हातात रोज त्रैक्य असतं, आन् त्येलाच दिसत न्हाई."

एकदा मी म्हटलं, "पण दादा, या घडीवर छापलंय ते त्या घडीवर नाही. मग तुमच्या देवाचं पण अर्धं इकडं, अर्धं तिकडं का?" दादांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं, मग पप्पांकडे. "हे कार्टं तुझ्यापेक्षा डेंजर हाय," ते म्हणाले, आणि नळीचं हाड माझ्या ताटात टाकलं.

दादांची एकच इच्छा होती. आमच्या मंडळीत दृढीकरण झाल्याशिवाय प्रभुभोजनाला बसता येत नाही. बारशाच्या बाप्तिस्म्यात आईबापांनी तुमच्या वतीनं दिलेलं वचन तुम्ही मोठं झाल्यावर सगळ्या मंडळीसमोर स्वतः द्यायचं, ते दृढीकरण. मग भाकर आणि प्याला तुमच्या हातात येतो. दादांना माझ्या शेजारी गुडघे टेकून तो प्याला घ्यायचा होता. आजीच्या जागी. त्यांनी पांढरी साडी आणून कपाटात ठेवली होती आणि दर रविवारी विचारायचे, "क्लास कुठवर आला?"

दृढीकरणाचा क्लास चर्चचे पाळकसाहेब घ्यायचे. बारीक अंगाचे, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांच्यावर मी पुढं खूप रागावले, पण ते मूर्ख नव्हते आणि कपटीही नव्हते, हे इथं सांगून ठेवते. मूर्ख माणसाशी भांडून मला काही शिकता आलं नसतं. प्रश्नोत्तरी पाठ करायची होती. देव किती आहेत? एक. त्या एका देवात व्यक्ती किती? तीन. पहिल्या उत्तराला आधार म्हणून बायबलमधली वचनं मिळत होती, ढिगानं. दुसऱ्याला कुठलं वचन, असं मी विचारलं.

पाळकसाहेबांनी बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय काढला. देव माणूस घडवतो त्याच्या जरा आधी तो बोलतो. "वाच. देव 'मी घडवतो' म्हणतो का?"

"नाही. 'आपण' म्हणतो."

"आपण. म्हणजे एकाहून जास्त."

"राजे लोक स्वतःला 'आम्ही' म्हणतात ना साहेब? तसं असेल." हे पप्पांच्या पत्रकात होतं.

"'आम्ही' म्हणतात," पाळकसाहेब शांतपणे म्हणाले. "'आपण' कोणता राजा म्हणतो? मराठी मुलगी आहेस. 'आम्ही' म्हणायला समोरचा माणूस त्यात धरावा लागत नाही. 'आपण' म्हटलं की समोर कोणी तरी हवंच, आणि तो त्यात धरलेला हवा. माणूस अजून घडलेला नाही. मग देव कोणाला धरून 'आपण' म्हणतोय?"

परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकवून 'आम्ही' आणि 'आपण' तोंडात घोळवत होते. बाहेर ऊस, मग कांद्याचे वाफे, मग पुन्हा ऊस. पप्पांना विचारलं तर ते म्हणाले, बघावं लागेल. पप्पा 'बघावं लागेल' म्हणाले की ते हरलेले असायचे. मला पहिल्यांदाच वाटलं की दादा बरोबर असतील. आणि बरोबर असतील तर सोपंच होतं. पांढरी साडी नेसायची, तीन म्हणायचं, प्याला घ्यायचा. तो आठवडाभर मी सोपेपणाच्या कडेला उभी होते.

शुक्रवारी कॉलेज लवकर सुटलं. दार लोटलेलं होतं. चप्पल काढताना आतून आईचा आवाज आला, "चला, आपण भाकरी टाकू." मी आत पाहिलं. ओट्यापाशी ती एकटी. समोर परात, तवा, पिठाचा डबा. मी तिथंच उंबऱ्यात खाली बसले. आई दचकली. "अगं, काय झालं?"

"आई, तू आत्ता कोणाशी बोललीस?"

"कुनाशी न्हाई. का?"

"आपण म्हणालीस."

"मंग काय म्हनू? मी भाकरी टाकू? कुनाला विचारल्यासारखं वाटतंय ते."

सरळ पाहिलं तर मुद्दा एवढासाच होता. एकटं माणूस कामाला हात घालताना 'आपण' म्हणतं. देवानंही कामाला हात घातला होता. त्यातून तो तीन आहे असं निघत नाही, जसं माझी आई तीन आहे असं निघत नाही. मूळ शास्त्र हिब्रूत आहे आणि तिथं आपण-आम्ही हा भेदच नाही, हे मला पुष्कळ नंतर समजलं. म्हणजे तो वाद आम्ही दोघंही, पाळकसाहेब आणि मी, भाषांतर करणाऱ्याच्या शब्दावर लढत होतो. पण शब्द त्यांनी पुढं केला होता. मी त्यांच्याच शब्दाचं उत्तर दिलं.

रविवारी मंडळीसमोर प्रश्न विचारले जाणार होते. शनिवारी संध्याकाळी घड्या घालायला पत्रकं नव्हती, तरी पप्पा फरशीवर येऊन बसले. बराच वेळ अंगठ्याचं नख फरशीच्या सांध्यात फिरवत राहिले.

"रूथ, उद्या तीन म्हणून टाक."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"दादांचं वय बघ. त्यांनी मागून मागून काय मागितलंय? एक शब्द आहे. तुझ्या मनात काय आहे ते देवाला कळतंच की."

"तुम्ही म्हणाला होतात तीन? तुमच्या वेळी?"

"म्हणालो होतो. तेव्हा वाचलेलं नव्हतं."

"मी वाचलंय. तुम्हीच वाचायला दिलंत. वर मोठ्या अक्षरात 'विनंती थांबा' छापलंय पप्पा, आणि तुम्ही मला पुढं ढकलताय."

"ते लोकांसाठी आहे," पप्पा म्हणाले. मग स्वतःच्या वाक्याकडे स्वतःच बघत बसले. आई ओट्यापाशी पाठमोरी होती. तिचं थापणं थांबलं होतं.

लोक अजूनही म्हणतात की बापानं पोरीला भरवलं आणि पोरगी बोलली. म्हणून हे लिहून ठेवते. बापानं मला वाचायला शिकवलं. त्या रविवारी जे केलं ते बापाचं न ऐकता केलं.

चर्च भरलेलं होतं. दादा पहिल्या बाकावर, इस्त्रीचा शर्ट, हातात काठी आडवी. साडी मला थोडी लांब होत होती आणि आईनं ती कमरेला दुमडून पिनांनी घट्ट केली होती, त्यामुळं श्वास पुरा घेता येत नव्हता. पाळकसाहेब एकेकाला एकेक प्रश्न विचारत होते. माझ्यापर्यंत आले. मला वाटतं त्यांनी मुद्दाम तोच ठेवला होता. चोरून पुढं जाऊ द्यायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि माझ्याही.

"देव किती आहेत?"

"एक."

"त्या एका देवात व्यक्ती किती आहेत?"

"शास्त्रात लिहिलेलं नाही."

पंखे फिरत होते. मागं एक बाळ रडत होतं.

"उत्पत्तीमधला 'आपण' आपण बघितला होता ना, रूथ?"

"बघितला साहेब. माझी आई घरात एकटी असताना 'चला, आपण भाकरी टाकू' म्हणते. ती एकटीच असते. तीन असत्या तर भाकऱ्या लवकर झाल्या असत्या."

आधी बायकांच्या बाजूनं हसू फुटलं. एक, मग चार, मग सगळ्याच. त्यातल्या एकूण एक बाईनं त्या सकाळी स्वयंपाकघरात 'आपण' म्हटलेलं होतं. पुरुषांच्या बाजूलाही कोणी तरी हसू खोकल्यात दाबलं. पाळकसाहेबही क्षणभर हसले, हे मी पाहिलं. पण दादा हसले नाहीत. त्यांची मान खाली गेली.

पाळकसाहेबांनी हात वर करून शांतता केली. "उत्तर हुशारीचं आहे," ते म्हणाले. "पण मी तुला आईबद्दल विचारलं नाही. मंडळी जे मानते ते तू मानतेस का, एवढंच सांग. मानत नसशील तर मी तुला प्रभुभोजनाच्या मेजावर बोलावू शकत नाही. तुझ्यावर रागावून नाही. तू खोटं बोलावंस असं मला वाटत नाही म्हणून."

"मग बोलावू नका साहेब. मीही खोटं बोलणार नाही."

बाकीची मुलं पुढं गेली आणि गुडघ्यावर बसली. मी पांढरी साडी सावरत उभी होते. कुठं जायचं ते कळेना, तेव्हा शेवटच्या बाकावर जाऊन बसले. प्याला फिरला. दादांनी तो घेतला. त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती आणि त्या दिवशी त्यांचा 'आमेन' माझ्यापर्यंत आला नाही.

एसटीत आई माझ्या शेजारी बसली. तिनं गाडी दौंडच्या बाहेर पडू दिली. मग म्हणाली, "माझी भाकरी कशाला नेलीस चर्चात?" मी म्हटलं, "चुकीची होती का?" आईनं थोडा विचार केला. "न्हाई," ती म्हणाली. "पर जरा करपली." मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संध्याकाळपर्यंत माझ्यासाठी प्रार्थनेच्या विनंत्या सुरू झाल्या होत्या. त्यातल्या एकीत मला 'भरकटलेलं कोकरू' म्हटलं होतं. ती हौसामावशींना वाचून दाखवली तर त्या म्हणाल्या, "कोकरू भरकाटत न्हाई गं. मेंढक्या डुलकी घेतो." या विषयावर मी ऐकलेलं सर्वात धर्मशास्त्रीय वाक्य अजूनही तेच आहे.

दादा बोलेनात. दोन-तीन रविवार ते उपासना संपताच मागच्या दारानं निघून गेले. पप्पा म्हणाले, जाऊन पाया पड, माफी माग. पाया पडायला माझी ना नव्हती. माफी कशाची मागायची ते मला कळत नव्हतं. शेवटी एका सकाळी मी एकटीच गाडीत बसले. दादांच्या घरचं दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं तर स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला, मोठा, नेहमीचा.

"चला, आपण चहा टाकू."

मी जागच्या जागी उभी राहिले. त्यांनी वळून पाहिलं आणि मला पाहिलं. मी काय ऐकलं ते त्यांना समजलं. माझ्या चेहऱ्यावर विजय आला असणार. तो लपवायला मी तेव्हा शिकले नव्हते, आजही शिकलेली नाही.

"हां," दादा म्हणाले. "घावलो. म्हन काय म्हनायचं ते."

"मी काहीच म्हणत नाही."

"मी सांगतो." त्यांनी पातेलं गॅसवर ठेवलं. "तू म्हनलीस, मानूस एकटं असलं तरी आपण म्हनतं. बरोबर हाय. तुझी आजी व्हती तवा मी कवा चहा केला न्हाई. ती गेल्यावर पयल्यांदा या ओट्याम्होरं उभा ऱ्हायलो, आन् तोंडातनं हेच आलं. आपण. मी एकटा न्हाई म्हनत पोरी. मी तिला धरून म्हनतो. पाळकसाहेबाचं खरं हाय. समोर कुनीतरी लागतंच. तुला दिसत न्हाई म्हून न्हाई, असं न्हाई."

पाणी उकळायला लागलं. दूर स्टेशनवर भोंगा झाला आणि पहिल्यांदाच त्यांनी गाडीचं नाव सांगितलं नाही. माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते अतिशय खरं होतं, आणि त्या स्वयंपाकघरात ते फार लहान वाटत होतं. तरी मी ते दिलं. प्रेमाच्या माणसाला खोटं द्यावं हे मला पटत नाही.

"असेल दादा. पण ते शास्त्रात लिहिलेलं नाही."

"न्हाई लिहिलं," दादा म्हणाले. "साखर कमी घालू का?"

मी अजून शेवटच्या बाकावर बसते. पाळकसाहेब बदलले, नवे आले, त्यांनीही विचारलं, त्यांनाही तेच उत्तर मिळालं. पत्रकं आता मी लिहिते. पप्पांनी त्या वर्षानंतर स्टँडवर जाणं सोडलं, पण घड्या ते घालून देतात. अजूनही तीनच. माझ्या लिहिण्याला उत्तर म्हणून दौंडहूनही एक पत्रक निघालं आहे, आणि ते चांगलं लिहिलेलं आहे. त्यात पाचव्या ओळीवर 'आपण' आहे. मी त्याचं उत्तर लिहायला घेतलं आहे.

दादा खूप म्हातारे झाले. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून रविवारी उपासनेनंतर मी त्यांना अध्याय वाचून दाखवते. वाचून झालं की ते अंगणातल्या खुर्चीत सरळ बसतात, काठी आडवी धरतात आणि प्रश्नोत्तरी सुरू करतात.

"देव किती?"

"एक," मी म्हणते. आम्हां दोघांचा आवाज मिळूनच येतो.

"त्या एका देवात व्यक्ती किती?"

मी गप्प राहते. दादा थांबतात. दर वेळी थांबतात, पुरेसा वेळ देतात, माझ्या दिशेला तोंड करून. स्टेशनवर एखादी गाडी येऊन निघूनही जाते. मग ते एकट्यानं म्हणतात, "तीन," आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उठतात.

"चल," म्हणतात, "आपण चहा टाकू."